बारा नंबरच्या अंगणातलं वावर

अहो वहिनी, ऐकलंत का? ठेवा ती बादली खाली, कपडे कुठे पळून जात नाहीत. इकडे या, भिंतीपाशी. बारा नंबरमध्ये पुन्हा खोदकाम काढलंय. हो, पुन्हा! आणि या खेपेला जेसीबी नाही बरं का. दोन माणसं, दोन टिकाव, एक सब्बल. समोर कडुनिंबाखाली खुर्ची टाकून कोण बसलंय म्हणाल? सासूबाई! सूनबाई चहा आणून देतायत आणि सासूबाई बसल्या जागेवरून हुकूम सोडतायत, "अजून खोल जाऊ दे, अजून." भर चैत्रात, सकाळी सहाला. नऊ वाजले की काम बंद. पुढे अकोल्याचं ऊन कोणाला काम करू देतं म्हणा.

मागच्या जुलैत त्याच अंगणात जे झालं ते तुम्हाला माहीतच आहे… अगंबाई, नाही की! तुम्ही तेव्हा लेकीच्या बाळंतपणाला नाशिकला. म्हणजे चपलांचा किस्साही नाही ऐकलात? मग उभ्या राहा निवांत.

तर ते दोघं पुण्याहून आले. घरून काम करायची परवानगी मिळाली, आईचं गाव जवळ, म्हणून इथे बंगला बांधला. पुण्यात फ्लॅट होता, बाल्कनीत कुंड्या. सूनबाईंना झाडांची हौस खूप, खोटं कशाला बोलू. पण कुंडीतली माती नर्सरीतून पिशवीत येते हो. तिला भेगा माहीत नाहीत, चिखल माहीत नाही. आणि आपला हा लेआउट आधी काय होता? कापसाचं वावर. एनए झालं, प्लॉट पडले, रस्ते आले, कागदावर सगळं बदललं. मातीला थोडंच कोणी कळवलंय की बाई, तू आता एनए झालीस!

वास्तूला आपण सगळ्या गेलो होतो ना, तेव्हाच त्या म्हणाल्या होत्या, "काकू, पुढच्या भिशीला या, तोवर गार्डन रेडी असेल." पंधरा नंबरच्या डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं… त्यांच्या गुलाबांना लेआउटमध्ये तोड नाही ना अजून. मी बाई काही बोलले नाही. गोडाचा शिरा तेवढा संपवला.

मग आला तो कॉन्ट्रॅक्टर. लँडस्केपवाला. शहरातलाच आहे, नाव कशाला घ्या. गॉगल काय, हातात टॅब काय, त्यावर हिरवीगार चित्रं काय! म्हणाला, "मॅडम, टेन्शन नका घेऊ. ही माती हेवी आहे. दोन ट्रिप वाळू मारतो, वर लाल माती टाकतो, वरून लॉन अंथरतो. पंधरा दिवसांत फोटो काढायला या." आणि हे सगळं कधी? मृग होऊन गेला, आर्द्रा लागल्या, आदल्या रात्री धो धो कोसळलेला, अंगणात घोट्याएवढा चिखल, आणि याने आत जेसीबी घातला!

आमचे हे गॅलरीतून बघत होते. म्हणाले, "अगं, हा माणूस ओल्या काळ्या जमिनीवर मशीन फिरवतोय." यांचं बालपण मूर्तिजापूरकडे गेलं ना, यांना ते बघवेना. यांनी रस्त्यावरून हाक मारून सांगितलंसुद्धा, "अहो, वाफसा येऊ द्या, माती जरा सुकू द्या." तर कॉन्ट्रॅक्टर काय म्हणाला असेल? "अंकल, आपलं टाइमलाइन असतं." यांचा चेहरा असा पडला! संध्याकाळभर बातम्याच लावून बसले.

बरं, चाकांनी ती माती अशी काही दाबली, की वर तुकतुकीत पापडी आणि खाली ठणठणीत थर. लिंबाचे खड्डे खणले ते ओल्यातच. त्या लोखंडी दातांनी खड्ड्याच्या भिंती कशा घासून गुळगुळीत होतात, पाहिलंत ना? तुमच्या विहिरीच्या कामाला झालंच होतं की तसं. मग त्यात आतून भुसभुशीत लाल माती भरली, लिंबं लावली. दोन लिंबं, सहा गुलाब, त्या हल्लीच्या अरेका पामा. वर लॉनच्या गुंडाळ्या उलगडल्या. आठ दिवस असं दिसत होतं की विचारू नका. सूनबाईंनी फोटो टाकले, लेआउटच्या ग्रुपवर टाळ्यांचा पाऊस. डॉक्टरीणबाईंनी एक अंगठा टाकला, तोही दुसऱ्या दिवशी.

आणि मग खरा पाऊस आला.

अहो, झड लागली ती थांबेना. पाणी लाल मातीतून सुळकन खाली गेलं, आणि खाली काळ्या थराला लागून जे उभं राहिलं ते हलायलाच तयार नाही. वरून लॉन हिरवं, पाय ठेवला की खाली पचक! भिशीच्या बायका आल्या, आणि पंधरा नंबरवालीची ती नवी सँडल, तिच्या भाच्याने आणलेली, ती लॉनमध्ये रुतली आणि पाय एकटाच बाहेर आला! सूनबाईंचा चेहरा… मला खरंच वाईट वाटलं. हसू आलं ते नंतर, घरी आल्यावर.

दहीहंडीपर्यंत लॉन पिवळं. त्याला वास यायला लागला, सडल्याचा. लिंबांची पानं गळाली, बुंध्याला डिंक सुटला. त्यांनी कॉन्ट्रॅक्टरला फोन लावला तर म्हणे, "मॅडम, तुमच्याकडे ड्रेनेजचा इश्यू आहे." दुसऱ्यांदा लावला तर बंद.

तर काय सांगत होते… हां, प्रोफेसरकाका. आपल्या कोपऱ्यावरचे हो, कृषी विद्यापीठातून निवृत्त झालेले. पंजाबराव देशमुखांच्या नावाचं विद्यापीठ १९६९ पासून आपल्या गावात आहे, अख्ख्या विदर्भाचे शेतकरी तिथे माती तपासायला येतात, आणि आपल्याच लेआउटमधल्या माणसाला ते आठवू नये! काका काही स्वतःहून सांगायला जाणाऱ्यातले नाहीत. पण बारा नंबरचे साहेब एके दिवशी बिचारे स्वतः गेले त्यांच्याकडे. कामवाली एकच ना त्यांची आणि माझी, म्हणून मला कळलं. काका म्हणाले, "लोणच्याची बरणी आहे का घरी? काचेची, सरळ."

सूनबाईंनी कुठली तरी महागाची जार काढली. त्यात तिसरा हिस्सा माती घातली, वर पाणी, चिमूटभर साबणाची पूड, आणि साहेबांनी ती घुसळ घुसळ घुसळली. मग ओट्यावर ठेवली. मिनिटभरात खाली वाळू बसली, बोटाच्या पेराएवढीही नाही. दोनेक तासांत तिच्यावर पोयटा बसला. आणि बाकी सगळं? दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळेलाही पाणी गढूळ ते गढूळच. ती चिकणमाती. काका म्हणाले, एका मिलिमीटरचे पाचशे भाग करा, त्यातल्या एका भागाहूनही हिचा कण बारीक. म्हणून पाणी आत शिरायला वेळ लावतं आणि शिरलं की निघत नाही.

मग काका सुरूच झाले म्हणे. ही माती आपल्या दख्खनच्या काळ्या पत्थराची, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याची. तो पत्थर झिजून झिजून ही झाली. हिच्यात जे खनिज आहे ते पाणी प्यायलं की फुगतं, सुकलं की आक्रसतं. म्हणून पावसाळ्यात तुमचं मागचं दार अडतं आणि उन्हाळ्यात अंगणात बोट घालावं अशा भेगा पडतात. दार सुताराने बिघडवलं म्हणून तुम्ही त्याला किती बोललात वहिनी! सुताराचा काही दोष नव्हता हो.

यावर सार्वजनिक बांधकामवाले काका, तेही नेमके तिथेच बसलेले, लगेच सरसावले. "म्हणूनच मी माझ्या घराला अंडर-रीम पाइल घेतले! रुरकीच्या संशोधन संस्थेने काळ्या मातीसाठीच काढलीय ती पद्धत. खाली पायाला बोंड असतं, माती फुगली तरी घर उचलत नाही." हे त्यांनी आपल्याला किती वेळा सांगितलंय? आणि त्यांच्याच कंपाउंडच्या भिंतीला तडा गेलाय तो कोणाला दिसत नाही वाटतं. भिंतीला पाइल घ्यायचे राहून गेले असतील! पण एक मात्र त्यांनी खरं सांगितलं. घराच्या जोत्याला लागून फुलांचे वाफे करू नका आणि रोज पाइप सोडून ठेवू नका. एका बाजूची माती भिजून फुगलेली आणि दुसरीकडची कोरडी, असं झालं की भिंतीला तडा जातो. मोठं झाडही जोत्यापासून लांबच बरं.

हां, वाळूचं सांगायचं राहिलं. साहेबांनी विचारलं, "काका, कॉन्ट्रॅक्टरने वाळू कमी टाकली का?" काकांनी कागद घेतला. म्हणाले, पुढचं अंगण ४०० चौरस फूट. एक फूट खोलीची माती म्हणजे ४०० घनफूट, म्हणजे ४ ब्रास. भारी माती वाळूने खरंच हलकी करायची तर मिश्रणात निम्म्याहून जास्त वाळू हवी, म्हणजे ४ ब्रासच्या वर वाळू. त्याने टाकली दोन ट्रिप, तीही वरवर. थोडी वाळू चिकणमातीत मिसळली की ती मोकळी होत नाही, सुकल्यावर उलट आणखी घट्ट बसते. आणि आजचा वाळूचा भाव विचारा! साहेबांनी तो कागद घडी घालून खिशात ठेवला आणि म्हणे बराच वेळ बोललेच नाहीत.

मग दिवाळीला सासूबाई आल्या. दर्यापूरकडच्या. तुम्ही भेटलात ना? नऊवारी, कपाळाला ठसठशीत कुंकू, आवाज तीन घरं ऐकू येईल असा. पहिले दोन दिवस काही बोलल्या नाहीत. नुसत्या अंगणातून फिरायच्या, पायाने माती उकरायच्या. तिसऱ्या दिवशी मी फराळाचं ताट घेऊन गेले होते, माझ्यासमोरच म्हणाल्या, "काहून वं, हे वावर मारलं कोणी?"

सूनबाई म्हणाल्या, "आई, ती मातीच खराब आहे."

अहो, काय तापल्या! "माती खराब? याच मातीत माह्या सासऱ्यानं कापूस पिकवला, तूर पिकवली, पोरं शिकवली. माती खराब नाही बाप्पा, तुमचा टाइम खराब हाय."

बघा, एवढ्या मोठ्या प्रोफेसरांनी जे बरणीने सांगितलं ते या बाईने एका वाक्यात. पण थांबा, सासूबाईंचंही सगळंच खरं निघालं नाही. त्यांनी काय केलं, दुसऱ्याच दिवशी नातवाला पिटाळलं, "जिप्समच्या बॅगा आण." त्यांच्याकडे खारपाणपट्टा ना, पूर्णेच्या काठचा. तिथे खालचं पाणी खारट, मातीत सोडियम, चिकणमाती अशी पसरते की पाणी झिरपतच नाही. तिथे जिप्सम लागतं, त्यातलं कॅल्शियम सोडियमला हुसकावतं. म्हणजे त्यांचं ज्ञान खोटं नाही हो, पण जागा त्यांची. इथे चालेल कशावरून?

प्रोफेसरकाका म्हणाले, "वहिनी, बॅगा आणण्याआधी एक ढेकूळ द्या." वाळलेलं ढेकूळ पावसाच्या स्वच्छ पाण्यात अलगद सोडलं, हलवायचं नाही, ढवळायचं नाही. ढेकूळ विरघळून ढीग झाला पण पाणी राहिलं नितळ. सोडियम जास्त असतं तर ढेकळाभोवती दुधाळ ढग पसरला असता. मग पक्कं करायला अंगणात पाचसहा ठिकाणी वीतभर खोल खणून माती घेतली, सावलीत वाळवली, एकत्र करून चार भाग, समोरासमोरचे दोन टाकले, पुन्हा चार भाग, असं करत अर्धा किलो उरवली आणि विद्यापीठात दिली. रिपोर्टमध्ये सोडियम ठीक. सामू आठच्या वर, चुनखडी भरपूर, सेंद्रिय कर्ब अगदीच कमी. म्हणजे जिप्समचे पैसे वाया गेले असते. सासूबाईंचा चेहरा त्या दिवशी पडला होता, मी पाहिला. पण बाई पक्की, लगेच सावरली. "मंग शेणखतच पायजे, म्या तेच तर म्हणत होती!" जिप्समचा विषय पुन्हा निघाला नाही.

चुनखडीवरून आठवलं. डॉक्टरीणबाईंच्या गुलाबाची कोवळी पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात, ते त्या कीड म्हणून सांगतात ना सगळ्यांना? कीड नाही ती. चुनखडीच्या मातीत लोह असूनही झाडाला उचलता येत नाही. काकांनी मला हळूच सांगितलं. तुम्ही त्यांच्यासमोर बोलू नका हं, मला काय, मी कोणाला सांगणारी नाही.

तर आता खोदकाम का, तेही एवढ्या उन्हात, ते ऐका. हिवाळाभर काहीच लावलं नाही. कुजलेलं लॉन काढून टाकलं, खड्डे मोकळे केले. राडारोडा निघाला तो बघण्यासारखा. सिमेंटची ढेपळं, फरशीचे तुकडे, बाइंडिंग वायर, गवंड्याने जिथे थापी धुतली तिथला पांढरा थरच्या थर. आधीच चुन्याची माती, त्यात आणखी सिमेंट! चार गोण्या भरून बाहेर काढल्या. बांधकाम झालं की हे सगळं जागच्या जागी पुरून वर मुरूम टाकतात, आपल्याकडेही तेच असणार, उकरून बघा कधी.

आणि आता चैत्रात माती वीत-सव्वा वीत उलटून मोठाली ढेकळं वर काढून ठेवायची. परवा सूनबाई फावड्याची पाठ घेऊन ती ढेकळं फोडायला लागल्या, अंगण नीट दिसावं म्हणून. सासूबाई खुर्चीवरून उठल्याच! "फोडू नोको! तापू दे! पयल्या पावसानं आपोआप फुटते ते!" आणि खरंच आहे हो. काळी माती स्वतःच स्वतःला मोडते. वैशाख तापला की ढेकूळ आतपर्यंत आक्रसतं, बारीक बारीक चिरा पडतात, आणि रोहिणीचा नाहीतर मृगाचा पाऊस पडला की त्याचा रवाळ भुगा होतो. आपण टिकावाने महिनाभर जे करू शकत नाही ते एका सरीत. म्हातारी बसल्या जागी ऊन-पावसाकडून काम करून घेतेय! शिवाय जमिनीतल्या किड्यांची अंडी, कोष उन्हाने जातात, पाखरं टिपतात.

सूनबाईंचं तोंड मात्र एवढंसं झालंय. का? पहिला पावसाळा फुलझाडच नाही म्हणे! सासूबाईंनी ढेंचा पेरायला सांगितलाय. मृगाच्या पावसावर पेरायचा, दीड महिन्यात कमरेएवढा होतो, फुलोरा यायच्या बेताला कापून तिथेच मातीत गाडायचा. हिरवळीचं खत. ताग पण चालतो, पण पाणी साचणाऱ्या जागी ढेंचा बरा तगतो. त्याची मुळं खालचा दाबलेला थर फोडत जातात आणि नत्र देतात ते वेगळंच. सूनबाई मला फाटकापाशी म्हणाल्या, "काकू, ऑगस्टमध्ये ऑफिसच्या मैत्रिणी येणारेत, मी त्यांना काय दाखवू, ढेंचा?" मी म्हटलं, दाखवा की. पुण्यात कोणाच्या अंगणात ढेंचा आहे?

खरं सांगू, मला सासूबाईंचं पटलं. एक हंगाम गेला तर गेला. मागच्या वर्षी पैसे गेले, लिंबं गेली, सँडल गेली, आणि वर लेआउटभर चर्चा.

पण गाडायचं ते वाफशावर. ते साहेबांना अजून जमत नाही. रविवार मिळाला की फावडं घेऊन निघतात, काल पाऊस पडला असला तरी! दिवाळीनंतर तो अवकाळी पडला होता ना, तेव्हा सासूबाईंनी त्यांना फाटकातून आत बोलावलं, सगळ्यांसमोर, आणि वीतभर खालची माती मुठीत घ्यायला लावली. "वळ लाडू." वळला. "आता कमरेएवढ्यावरून टाक." टाकला, तर तसाच अख्खा! "फुटला का? नाही ना? मंग पाय टाकू नोको वावरात." तिसऱ्या दिवशी पुन्हा वळला, टाकला, फुटून भुगा झाला, तेव्हा कुठे परवानगी. भारी जमिनीत ही वेळ दोन-तीन दिवसच राहते, नंतर माती अशी कडक होते की टिकाव उडतो. म्हणून शेतकरी वाफशाला लग्नकार्यसुद्धा अर्धवट सोडून पळतो. आयटीवाल्याला रजा टाकायला काय झालं!

ऑगस्टनंतर गादीवाफे करणार आहेत. साहेबांनी त्याचं लॅपटॉपवर ड्रॉइंगही केलंय, मला दाखवलं. तीन-साडेतीन फूट रुंद, म्हणजे दोन्ही बाजूंनी हात मध्यापर्यंत पोचतो आणि वाफ्यावर कोणाचा पाय पडत नाही. उंची वीतभर. मधून चालायच्या वाटा, वाटांतून पाण्याचा उतार रस्त्याकडच्या नालीला. तुडवायचं ते फक्त वाटेवर. सासूबाईंनी ड्रॉइंग बघून विचारलं, "यात अळू कुठं हाय?" नव्हतंच! मग मोरीच्या पाण्यापाशी अळू, कर्दळ आणि एक केळ आली. ओली भारी जमीन आवडणाऱ्या माणसांना… झाडांना हो… ओलीच जागा द्यावी, बाकीच्यांना उंचावर बसवावं. लिंबू आता खड्ड्यात नाही, उंचवट्यावर लागणार. खड्डा घेतला तरी चौकोनी, आणि त्याच्या भिंती सब्बलीने खरवडून खडबडीत करायच्या. आत भरायची ती तिथलीच काळी माती शेणखत घालून. बाहेरची भुसभुशीत माती भरली की भोवतालचं सगळं पाणी त्याच खड्ड्यात येऊन बसतं आणि त्याला निघायला वाट नसते. पहिली दोन लिंबं त्यानेच गेली.

त्याआधी काकांनी पाण्याचा हिशेबही करायला लावला. फूटभर खोल खड्डा, पाणी भरलं, जिरू दिलं, पुन्हा भरलं, आणि मग पट्टी घेऊन बसायचं. तासाला इंचभरही उतरलं नाही तर तिथे मोठ्या झाडाचं मूळ कुजणार. साहेबांनी मोबाइलवर अलार्म लावून बघितलं. पुढच्या कोपऱ्यात अर्धा इंच, मागे कडुनिंबाजवळ दीड इंच. मग मोगरा, कढीपत्ता, लिंबू मागे गेले आणि पुढे सूनबाईंच्या पामा होत्या त्या… त्यांचं काय करायचं यावर घरात अजून बोलणी चालू आहेत. आवाज येतो कधीकधी.

आच्छादनाला सासूबाई गावाहून कुटार मागवणार आहेत. सोयाबीनचं. वाफ्यावर चार बोटं जाड पसरायचं, म्हणजे उन्हाळ्यात भेगा पडत नाहीत. भेग पडली की नुसती ओल जात नाही, बारीक मुळं तटातटा तुटतात. तुमचा मोगरा दर मे महिन्यात का रुसतो, आता कळलं ना? पाणी कमी पडत नाही त्याला, उघड्या जमिनीत राहतो तो. आणि काटेपूर्णेचं पाणी नळाला किती दिवसांआड येतं ते तुम्हाला मी काय सांगू!

आता मुद्द्याचं. डॉक्टरीणबाई काल संध्याकाळी बारा नंबरच्या फाटकाशी उभ्या होत्या. मी पाहिलं. सासूबाईंना विचारत होत्या, "आजी, हे ताजं शेण असतं का कुजलेलं?" आजी म्हणाल्या, "ताजं टाकशील त हुमणी होईन, वाळवी होईन." आणि डॉक्टरीणबाईंनी, अहो ज्यांनी आजवर आपल्याला खताचं नाव कधी सांगितलं नाही, त्यांनी पर्समधून डायरी काढून लिहून घेतलं!

म्हणून म्हणते, आपण मागे राहायला नको. सासूबाईंच्या ओळखीचा माणूस आहे, वर्षभर कुजलेलं, काळं, वास नसलेलं शेणखत देतो. तीन इंचांचा थर धरला तर १०० चौरस फुटाला पाव ब्रास लागतं. तुमचं पुढचं २०० आणि आमचं २००, दोघींना मिळून ब्रासभर पुरतं. रविवारी सकाळी ट्रॉली येतेय. पैसे निम्मे निम्मे, उतरवणाऱ्याचा चहा माझ्याकडे. तुम्ही फक्त आज रात्री भाऊजींना विचारून मला सांगा, नाहीतर पंधरा नंबरवाल्या टपूनच बसल्यात. आणि घमेली तुमची आणा हो, माझी दोन्ही बारा नंबरमध्ये अडकलीयत.